न झालेला तिसरा सामना : मित्रोपा चषक, १९२७

१४ ऑगस्ट १९२७ पासून १३ नोव्हेंबर १९२७ पर्यंत मध्य युरोपातील चार देशांच्या आठ फुटबॉल क्लबांमध्ये जी स्पर्धा खेळली गेली, तिला मित्रोपा चषक, म्हणजे मध्य युरोपचा चषक, असे नाव होते. भिन्न राष्ट्रांच्या क्लबांनी आपापल्या राष्ट्रीय संघटनांच्या संमतीने आणि एका समान लेखी नियमावलीखाली खेळलेल्या बाद स्पर्धांमध्ये, म्हणजे हरलेला संघ त्याच फेरीत बाहेर पडतो अशा स्पर्धांमध्ये, तिचे स्थान अगदी आरंभीचे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. तिचा गोषवारा देताना प्रागच्या स्पार्टाने व्हिएन्नाच्या रॅपिडवर दोन सामन्यांत मिळून ७-४ असा विजय मिळवला, एवढे सांगून बहुतेक लेखन पुढे सरकते. परंतु त्या हंगामाचा खरा पेच अंतिम फेरीत नसून उपांत्य फेरीत आहे, कारण तेथे एक संघ एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर गेला आणि त्याचा निकाल मैदानावर लागला नाही.

या पेचाकडे दोन परस्परविरोधी दृष्टींनी पाहता येते, आणि त्या दोन्ही दृष्टी प्रामाणिक आहेत. पुढील मांडणीत त्यांपैकी एक महाडच्या एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांच्या तोंडी आणि दुसरी पोलादपूरच्या एका क्रीडाशिक्षकांच्या तोंडी घातली आहे. ज्या तालुक्यांत भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत टेनिस चेंडूचे क्रिकेट आणि गावोगावच्या पटांगणांत कबड्डी खेळली जाते, पण फुटबॉलचा क्लब सहसा आढळत नाही, तेथे हा विषय परका वाटणे शक्य आहे. तथापि कोणत्या खेळाडूला कोणत्या संघाकडून उतरता येते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या दोन्ही तालुक्यांना मुळीच परका नाही.

आरंभ क्रीडाशिक्षकांनी आकड्यांपासून केला. त्यांच्या मते स्पर्धेचे मूल्यमापन प्रथम खेळावरून व्हावे, आणि खेळावरून पाहिले तर १९२७ चा निकाल विचित्र दिसतो. स्पार्टाने पहिल्या फेरीत व्हिएन्नाच्या अॅडमिराला ५-१ असे हरवले, पण परतीच्या सामन्यात तो संघ ३-५ असा हरला. उपांत्य फेरीत बुडापेस्टच्या हंगारियाशी त्याची २-२ आणि ०-० अशी बरोबरी झाली. अंतिम फेरीत ३० ऑक्टोबरला प्रागमध्ये तो ६-२ असा जिंकला आणि १३ नोव्हेंबरला व्हिएन्नात १-२ असा हरला. “म्हणजे सर, विजेत्या संघाने सहा सामन्यांत दोनच जिंकले, दोन बरोबरीत सोडवले आणि दोन गमावले. हरलेल्या रॅपिडने मात्र चार जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकच गमावला. हंगारियाने बेलग्रेडच्या बीएसके संघाला दोन्ही वेळा हरवले, स्पार्टाशी दोन्ही वेळा बरोबरी केली, आणि एकही पराभव न पत्करता तो संघ घरी गेला. विद्यार्थ्यांना हा तक्ता दाखवून विजेता ओळखायला सांगितले, तर स्पार्टाचे नाव कोण घेईल?”

प्राध्यापकांनी हा तक्ता मान्य केला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य केला नाही. प्रत्येक जोडीने एक सामना स्वतःच्या आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावा आणि दोन्हींतील गोलांची बेरीज करून पुढे जाणारा संघ ठरवावा, ही पद्धत या स्पर्धेने ठामपणे रुजवली, आणि तिच्यात किती सामने जिंकले याला महत्त्व नसते. अॅडमिराविरुद्ध स्पार्टाची बेरीज ८-६ आणि रॅपिडविरुद्ध ७-४ अशी होती. प्रागमध्ये मिळवलेली मोठी आघाडी परक्या मैदानावर टिकवणे हाच त्या पद्धतीत विजय होता, आणि खेळणाऱ्या प्रत्येक संघाला ते आधीपासून ठाऊक होते. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग आणि बेलग्रेड रेल्वेने जोडलेले असल्यामुळेच असे दोन-दोन सामने आठवड्यांच्या अंतराने खेळवणे परवडत होते, हेही त्यांनी येथे जोडले. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून महाडला आले ते मात्र बोटीने दासगाव बंदर गाठून.

स्पर्धेचा उगम सांगताना प्राध्यापक अधिक रमले, आणि तो भाग खरोखरच त्या योग्यतेचा आहे. १९१८ पर्यंत व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग आणि दाल्मेशियातील स्प्लिट ही शहरे एकाच हाब्सबुर्ग साम्राज्यात होती. बेलग्रेड ही मात्र त्या साम्राज्याशी लढलेल्या सर्बियाची राजधानी होती. १८९७ ते १९११ या काळात साम्राज्यातील क्लबांसाठी चॅलेंज कप नावाची स्पर्धा भरत असे, परंतु ती एकाच सम्राटाच्या प्रजाजनांमधील स्पर्धा होती. महायुद्धानंतर त्याच शहरांच्या मधोमध सीमारेषा, जकातनाकी आणि वेगवेगळी चलने आली. स्प्लिटचा हायदुक हा क्लब तर प्रागमध्ये शिकणाऱ्या स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी १९११ मध्ये स्थापन केला होता, आणि सोळा वर्षांनी तो युगोस्लाव्हियाचा प्रतिनिधी म्हणून या स्पर्धेत उतरला. ऑस्ट्रियाच्या फुटबॉल संघटनेचे सूत्रधार ह्यूगो माइस्ल यांच्या पुढाकाराने जुलै १९२७ मध्ये व्हेनिस येथे बैठक झाली, ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या देशांतून प्रत्येकी दोन क्लब घेण्याचे ठरले, आणि महिनाभरात चेंडू फिरू लागला. “साम्राज्य मोडल्यावर त्याच शहरांनी एकमेकांशी नाते कसे ठेवावे, याचा एक लेखी करार फुटबॉलच्या रूपाने झाला,” असे प्राध्यापकांचे म्हणणे होते.

क्रीडाशिक्षकांना हे वर्णन फार उदात्त वाटले. ऑस्ट्रियात १९२४ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात १९२५ मध्ये आणि हंगेरीत १९२६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला, म्हणजे खेळाडूला उघडपणे पगार देण्याला, मान्यता मिळाली होती; पगार सुरू झाला की तो दर महिन्याला द्यावा लागतो, आणि तेवढी तिकीटविक्री केवळ देशांतर्गत सामन्यांतून होत नाही. “ही स्पर्धा निघाली ती क्लबांच्या तिजोऱ्या भरण्यासाठी. त्यात कमीपणा काही नाही; पण तिला राष्ट्रांच्या समेटाचे नाव देऊ नये. १३ नोव्हेंबरला व्हिएन्नात काय झाले, ते आठवावे. सामना रॅपिडने जिंकला, चषक स्पार्टाला मिळाला, आणि चषक घेणाऱ्या स्पार्टाच्या खेळाडूंवर प्रेक्षकांनी वस्तू फेकल्या. समेट होता, तर तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नव्हता.”

प्राध्यापकांनी पैशाचा हेतू नाकारला नाही, आणि येथे त्यांची बाजू अधिक बळकट झाली असे म्हणावे लागते. पैसा हाच हेतू असेल, तर प्रत्येक क्लबाने आपल्याला हवा तो प्रतिस्पर्धी बोलावून मैत्रीपूर्ण सामने खेळणे अधिक फायद्याचे ठरले असते, आणि असे सामने मध्य युरोपात वर्षानुवर्षे होतच होते. मैत्रीपूर्ण सामन्यात मात्र निकालाने काही बिघडत नाही, आणि म्हणून नियमही सैल राहतो. चषकाच्या स्पर्धेत उतरणारा क्लब आपल्या शेजारी देशातील लोकांना स्वतःविरुद्ध निर्णय देण्याचा अधिकार बहाल करतो. पगारी खेळाडू बाळगणाऱ्या, लाखोंच्या शहरांचा अभिमान वाहणाऱ्या क्लबांनी तो अधिकार दिला, यातच त्या हंगामाचे मोल आहे. आणि तो अधिकार प्रत्यक्ष वापरला गेला तो हंगारियाच्या बाबतीत.

ते प्रकरण असे होते. स्पार्टा आणि हंगारिया यांची दोन सामन्यांची बेरीज २-२ अशी समान झाली. बरोबरी झाल्यास तिसरा, निर्णायक सामना घ्यावयाचा, ही मित्रोपात पुढेही राहिलेली रीत होती. परंतु हंगारियाने खेळवलेला काल्मान कोनराड या स्पर्धेत खेळण्यास अपात्र ठरला आणि स्पार्टाला अंतिम फेरीत पाठवण्यात आले. कोनराड हा त्या काळातील मध्य युरोपातील श्रेष्ठ आघाडीपटूंपैकी एक होता. बुडापेस्टच्या एमटीके क्लबातून, म्हणजे पुढे हंगारिया हे नाव घेतलेल्या संघातून, तो व्हिएन्नाच्या अमाटूर क्लबाकडे गेला होता, तेथून अमेरिकेत ब्रुकलिन वाँडरर्सकडे खेळला होता, आणि नंतर आपल्या जुन्या क्लबाकडे परतला होता.

क्रीडाशिक्षकांचा मुख्य आक्षेप येथेच होता. “अपात्र खेळाडू उतरवला, तर शिक्षा व्हावी, पण शिक्षा सामन्याच्या बदल्यात का व्हावी? कोनराडला बाजूला ठेवून तिसरा सामना घेतला असता, तर स्पार्टाचाही सन्मान राहिला असता. पुढे चार दशकांनी, १९६५ पासून, युरोपीय स्पर्धांत परक्या मैदानावरील गोलांना बरोबरीत अधिक वजन देण्याचा नियम आला आणि २०२१ मध्ये तो काढला गेला. त्या नियमानेही स्पार्टाच पुढे गेला असता, कारण त्याने बुडापेस्टमध्ये दोन गोल केले होते आणि हंगारियाला प्रागमध्ये एकही करता आला नव्हता. म्हणजे चेंडूने दिलेले उत्तर उपलब्ध होते, किंवा निदान मिळवता आले असते. निर्णय मात्र कागदावर झाला.”

नंतरच्या काळातील नियम मागच्या काळाला लावता येत नाही, एवढे सांगून प्राध्यापकांनी त्या उदाहरणाला बाजूला केले, पण मूळ आक्षेपाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले. त्यांच्या मते नियम लिहिणे सोपे असते आणि दुबळ्याला तो लावणेही सोपे असते. बलवानाला लावला गेला तरच त्याला नियम म्हणता येते. हायदुक किंवा बीएसके यांच्याविरुद्ध असा निर्णय झाला असता, तर तो कोणाच्या लक्षातही राहिला नसता, कारण ते दोन्ही संघ पहिल्याच फेरीत मोठ्या फरकाने हरले होते. हंगारिया हा बुडापेस्टचा अग्रगण्य क्लब होता, त्याचा खेळाडू नामांकित होता, तो संघ अपराजित होता, आणि तरीही निर्णय झाला व हंगेरीने तो मानला, स्पर्धा सोडली नाही; पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बुडापेस्टच्या फेरेन्सव्हारोशने हा चषक जिंकला.

याच ठिकाणी प्राध्यापकांनी महाडचे १९२७ पुढे आणले. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली असावीत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी त्या समाजातील कोणी घेऊ शकले नाही. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी ते घेतले, आणि त्यांच्यावर हल्ले झाले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. “बरोबर दहा दिवसांनी मध्य युरोपात ही स्पर्धा सुरू झाली. तेथे नियम बलवानाला लागू झाला. येथे बलवानाला नको असलेला नियम रद्द झाला. दोन्ही घटना एकाच ऋतूतील आहेत, आणि महाडच्या विद्यार्थ्याने त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.”

क्रीडाशिक्षकांचा स्वर येथे प्रथमच तीव्र झाला. पाणी हा जगण्याचा हक्क आहे आणि चषक हा करमणुकीचा. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांची डोकी फुटली त्यांच्या शेजारी बुडापेस्टच्या पगारी खेळाडूला बसवणे त्यांना अनुचित वाटले. “सर, तुलना करायचीच असेल, तर खेळाची खेळाशी करावी. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, मित्रोपाच्या छत्तीस वर्षे आधी. पहिल्या वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. एका बाजूला इंग्लंडची पलटण, दुसऱ्या बाजूला बंगाली तरुण; याला आंतरराष्ट्रीय सामना नाही म्हणायचे, तर कशाला म्हणायचे? आपल्याच त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यापलीकडे, मुंबईत हे घडत होते, आणि आपण व्हिएन्नाकडे पाहत बसतो.”

हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा पूर्वार्ध प्राध्यापकांनी विनाअट मान्य केला. पाण्याच्या हक्काचे आणि चषकाचे मोल एक नाही. मांडणीत ते एक असल्याचा भास झाला असेल, तर तो दोष मांडणीचा आहे, असे ते म्हणाले. दोन्हींत तपासायची गोष्ट एवढीच, की लिहिलेला शब्द कोणाला बांधतो. रोव्हर्स चषकाबद्दल मात्र ते सहमत झाले नाहीत. मोहन बागान आणि डरहॅम लाइट इन्फंट्री यांच्यात राष्ट्रीय चुरस निःसंशय होती, आणि १९११ मध्ये याच मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून कलकत्त्याची आयएफए शिल्ड जिंकली तेव्हा देशभर जो आनंद झाला तो केवळ खेळाचा नव्हता. परंतु तेथे एक बाजू राज्य करणारी होती आणि दुसरी राज्य केली जाणारी. व्हेनिसच्या बैठकीत राष्ट्रीय संघटना बरोबरीने बसल्या होत्या. पलटणीशी खेळणाऱ्या क्लबाला असे आसन नव्हते. म्हणून त्यांच्या मते रोव्हर्स चषकातील भारतीय विजयांची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे, पण ती आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धेची कथा नव्हे.

“आसन नव्हते म्हणूनच ती अधिक मोलाची,” असे क्रीडाशिक्षक म्हणाले, आणि त्यांनी १९३७ कडे लक्ष वेधले. त्या वर्षी बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या क्लबाने रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ पासून तो जिंकणारा हा पहिला भारतीय नागरी, म्हणजे लष्कराशी संबंध नसलेला, संघ होता. त्यांना कोणी व्हेनिसला बोलावले नव्हते, नियम त्यांनी लिहिला नव्हता, पण गोल त्यांनी केले आणि ते मोजावे लागले. मैदानावरील निकालाचे सामर्थ्य हेच आहे, की नियम लिहिणाऱ्यालाही तो नाकारता येत नाही. म्हणूनच स्पार्टा-हंगारियाचा तिसरा सामना न होणे त्यांना खुपते. प्राध्यापकांनी यावर एकच गोष्ट सांगितली : चवदार तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तोही १९३७ मध्येच, १७ मार्चला, आणि तो कागदावरचाच होता; तळे अस्पृश्यांना बंद ठेवण्याची अनादी परंपरा सिद्ध होत नाही, असे त्याने ठरवले. कागदावरच्या निर्णयाला सरसकट दुय्यम मानणे महाडला परवडणारे नाही.

या दोन भूमिकांत प्रस्तुत लेखाचा कल प्राध्यापकांकडे आहे, परंतु तो अंशतःच. मित्रोपाच्या पुढील इतिहासाने त्यांनी गौरवलेल्या कराराच्याही मर्यादा दाखवल्या. १९२९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या दुबळ्या ठरलेल्या क्लबांऐवजी इटलीच्या क्लबांना घेण्यात आले, म्हणजे आसने समान होती ती तिकिटे विकली जातील तोपर्यंतच. क्रीडाशिक्षकांचा पैशाबद्दलचा मुद्दा येथे खरा ठरतो. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा ज्या देशाने ही स्पर्धा सुरू केली त्याचेच क्लब तिच्यातून नाहीसे झाले, आणि १९३३ व १९३६ मध्ये हा चषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रिया व्हिएन्नासाठी कोणत्याही नियमावलीत दाद मागण्याची जागा उरली नाही. १९४० ची अंतिम लढत फेरेन्सव्हारोश आणि बुखारेस्टच्या रॅपिड यांच्यात ठरली होती. युद्धामुळे ती झालीच नाही.

संवादाचा शेवटचा भाग या तालुक्यांतील स्पर्धांबद्दल होता. कोकणात ‘एक गाव एक संघ’ या नियमाने क्रिकेटच्या स्पर्धा होतात. संघातील प्रत्येक खेळाडू त्याच गावचा असावा, मग तो मुंबईत राहणारा चाकरमानी असला तरी चालेल, असा त्याचा अर्थ आहे. मामाच्या गावाकडून उतरलेला भाचा चालतो का, रेशनकार्ड एका गावचे आणि मतदारयादीतील नाव दुसऱ्या गावचे असेल तर काय, असे वाद तेथे सामना चालू असताना उठतात, आणि आयोजक मंडळ ज्या गावचे त्या गावाच्या बाजूने निर्णय झाला की पुढच्या वर्षी दुसरे गाव येत नाही. क्रीडाशिक्षकांनी असे वाद मिटवण्यासाठी दोन कलमे सुचवली : पात्रतेचा आक्षेप वादी-प्रतिवादी दोन्ही गावांबाहेरच्या तिघांनी ऐकावा, आणि तो खरा ठरल्यास त्या खेळाडूला वगळून सामना पुन्हा घ्यावा. पहिले कलम प्राध्यापकांना पूर्ण मान्य झाले. दुसऱ्याला त्यांनी हरकत घेतली, कारण पुन्हा खेळायला मिळणारच असेल तर बाहेरचा गोलंदाज एकदा उतरवून पाहण्यात कोणत्याच गावाचे काही जाणार नाही. त्यावर क्रीडाशिक्षकांनी, दहा प्रामाणिक मुलांचा हंगाम एका अकराव्यामुळे संपवणे हे आपल्याला जमणार नाही, असे उत्तर दिले, आणि दुसरे कलम मसुद्यात तसेच ठेवले. प्राध्यापकांची हरकत त्याखाली लिहून घेतली.